ड्रायसूटमध्ये शिसं किती घ्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडजवळ डायव्हिंग शिकलेली बरीच मंडळी पुढे नोकरी-शिक्षणासाठी इंग्लंड, स्कॉटलंड, नॉर्वेकडे जातात, तिथल्या क्लबात नाव घालतात आणि पहिल्यांदाच ड्रायसूटमध्ये, म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या डायव्हिंगच्या पोशाखात, शिरतात. पाण्यात तरंगत राहू नये म्हणून अंगावर बांधायच्या शिशाबद्दल त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ड्रायसूटचा कोर्स तुम्ही केला आहे किंवा प्रशिक्षकाबरोबर करत आहात, हवेच्या एका टाकीवर डाइव्ह करता आणि खोली ४० मीटरच्या आत आहे, असं धरून (शेवटचा प्रश्न तेवढा वेगळा) उत्तरं दिली आहेत. हे वाचून कोर्स टाळायचा विचार असेल तर कृपया तो टाळू नका.

मालवणात मला चार किलो पुरायचे. इथे बारा-चौदा कशाला?

कारण इथे तुम्ही हवा अंगावर घालून पाण्यात उतरता. ड्रायसूट स्वतः फारसा गरम नसतो. पातळ कापडाचा मेम्ब्रेन सूट तर नुसता रेनकोटच. थंडी अडवतो तो आतला अंडरसूट, आणि तोही आपल्या धाग्यांमध्ये अडकवलेल्या हवेच्या जोरावर. जाड अंडरसूट घातला की सूटमधली जादा हवा सोडून दिल्यावरही आत काही लिटर हवा उरतेच. एक लिटर हवा एक लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे तुम्हाला साधारण एक किलोने वर ढकलते. तेवढं शिसं कमरेला लागणारच.

मालवणचं पाणी २७-२८ अंशांचं, वेटसूट (पाणी आत येऊ देणारा रबरी सूट) तीन मिलिमीटरचा. लेस्टरशरमधल्या स्टोनी कोव्ह या जुन्या, पाण्याने भरलेल्या ग्रॅनाइटच्या खाणीत जानेवारीत पाणी पाच अंशांच्या आसपास असतं. वरचे आठ-दहा किलो म्हणजे या फरकाची किंमत. त्यात तुमच्या कौशल्याचा दोष नाही. क्लबातले जुने लोकही एवढंच शिसं बांधून उतरतात.

सुरुवातीला अंदाजे किती बांधू?

ढोबळ हिशेब असा: शरीराच्या वजनाचे दहा टक्के, त्यावर आणखी चार ते सहा किलो. पंचाहत्तर किलोचा माणूस, जाड अंडरसूट, बारा लिटरची स्टीलची टाकी, गोडं पाणी, तर साडेअकरा-बारापासून सुरुवात करावी. समुद्रात जायचं असेल तर त्यावर दोन-तीन किलो वाढवा.

हा आकडा फक्त पहिल्या डाइव्हपुरता. एकाच वजनाच्या दोन माणसांत तीन किलोंचा फरक सहज पडतो: एकाच्या अंगावर चरबी जास्त, दुसऱ्याच्या स्नायू, एकाचा सूट बेताचा, दुसऱ्याचा दोन मापांनी मोठा. इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरना यातलं काहीही दिसत नाही, त्यामुळे त्यांच्या दशांश चिन्हांवर फार विसंबू नये.

मग माझा खरा आकडा काढायचा कसा?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून इथे सावकाश जाऊ.

डाइव्हच्या सुरुवातीला खाली जाता येणं ही शिशाची परीक्षा नव्हेच. परीक्षा असते शेवटी: टाकीत ५० बार (बार म्हणजे दाबाचं एकक) उरलेत, विंग (पाठीवरची, हवा भरून तरंगायची पिशवी) पूर्ण रिकामी आहे, सूटमध्ये फक्त अंग आवळणार नाही इतकी हवा आहे, आणि तुम्ही पाच मीटरवर, पाय न मारता, तीन मिनिटं आडवे राहू शकता. त्यानंतर तीन मीटरपर्यंत येऊनही फुग्यासारखे वर जात नाही. हे जमलं की शिसं बरोबर. भरलेल्या टाकीने पाण्यात शिरताना जे काही जाणवतं ते विसरून जा.

हे करून बघायला उथळ कठडा, म्हणजे पाण्याखालचा सपाट टप्पा, असलेली जागा निवडा. स्टोनी कोव्हला सहा-सात मीटरवर असा कठडा आहे, म्हणून तिथे शनिवारी सकाळी निम्मे लोक हेच करताना दिसतात. डाइव्ह नेहमीसारखी करा. परत येताना कठड्यावर थांबा, टाकीतला दाब दाखवणारं गेज बघा. ६०-७० बार असतील तर तिथेच थोडे फिरून ५० पर्यंत आणा. बडीला, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराला, आधी सांगून ठेवा की आता वजन तपासणार आहे. नाहीतर तो तुमच्या विचित्र हालचाली बघून धावत येईल.

आता विंगमधली सगळी हवा काढा. दोनदा काढा, मागच्या बाजूला एक कप्पा नेहमी लपून राहतो. सूटच्या डाव्या दंडावरचा हवा सोडायचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, डावं कोपर सावकाश वर करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत तसंच ठेवा. अंडरसूट अंगाला हलका चिकटला पाहिजे, पण सुरकुत्या कातडीत रुतता कामा नयेत. रुतत असतील तर एक छोटी फुंक सूटमध्ये घाला. मग आडवे व्हा, हात पुढे, फिन (पायांत घालायचे वल्ह्यासारखे पंख) स्थिर, श्वास नेहमीचा.

खाली बसत असाल आणि तरंगण्यासाठी विंगमध्ये हवा घालावी लागत असेल तर शिसं जास्त आहे. बडीकडे एक किलोचा तुकडा द्या आणि पुन्हा बघा. वर सरकत असाल, फिन मारून खाली राहावं लागत असेल, तर कमी आहे. बडीकडून एक किलो घ्या. म्हणूनच या दिवशी शिसं एकेका किलोच्या तुकड्यांत आणावं, दोन-तीन अर्ध्या किलोचेही असावेत, आणि ते खिशात असावेत, पट्ट्यात ओवलेले नकोत. पाण्याखाली पट्टा सोडून तुकडा काढण्याचा खेळ कोणी करू नये.

एका डाइव्हवर शेवटचा आकडा मिळेलच असं नाही. पहिल्या काही डाइव्हमध्ये माणूस घाबरून छाती भरलेली ठेवतो. छातीत सतत एक-दीड लिटर जास्त हवा असली की तेवढंच एक-दीड किलो शिसं जास्त लागल्यासारखं वाटतं. सूटची सवय झाली, श्वास खाली आला, की तीच चाचणी पुन्हा करा. बहुतेकांचा आकडा तेव्हा किलो-दोन किलोंनी उतरतो.

पृष्ठभागावर डोळ्यांच्या पातळीला तरंगून बघायची चाचणी ड्रायसूटमध्ये चालत नाही का?

चालते, पण ओबडधोबड. नेहमीचा श्वास भरून स्थिर राहिल्यावर पाणी डोळ्यांच्या पातळीला आणि श्वास सोडल्यावर हळूहळू खाली, ही तिची कसोटी. टाकी भरलेली असताना ती केली तर टाकीतून पुढे संपणाऱ्या हवेचं वजन वरून धरावं लागतं. शिवाय सूटमधून नेमकी किती हवा बाहेर गेली हे पृष्ठभागावर नीट कळत नाही. त्यामुळे सकाळी उतरण्याआधी अंदाज पक्का करायला ही चाचणी वापरावी, निकाल मात्र डाइव्हच्या शेवटच्याच चाचणीचा.

हवेला असं कितीसं वजन असणार?

एका लिटरला साधारण १.२ ग्रॅम. ऐकायला काहीच नाही. पण १२ लिटरच्या टाकीत २०० बारला सुमारे २४०० लिटर हवा मावते, म्हणजे जवळपास २.९ किलो. ५० बारपर्यंत येताना त्यातले २.२ किलो तुम्ही श्वासावाटे बाहेर सोडलेले असतात. इंग्लंडात लोकप्रिय असलेली १५ लिटरची टाकी २३२ बारला भरली तर हाच आकडा सव्वातीन किलोच्या आसपास जातो.

याचा अर्थ, शेवटी बरोबर असलेला माणूस सुरुवातीला दोन-तीन किलोंनी जड असतोच. तसाच असायला हवा. तेवढी हवा सुरुवातीला विंगमध्ये असली तर 'मी ओव्हरवेट आहे' असं समजून शिसं काढून टाकू नका. पाऊण तासाने पाच मीटरवर त्याची आठवण येईल.

गोव्यातली अॅल्युमिनियमची टाकी आणि इथली स्टीलची, फरक पडतो?

चांगलाच. अॅल्युमिनियमची ती नेहमीची ८० घनफुटांची, म्हणजे ११.१ लिटरची टाकी भरलेली असताना जेमतेम बुडते आणि रिकामी होत आली की चक्क तरंगते, दीड-दोन किलोंच्या जोराने. १२ लिटरची स्टीलची टाकी रिकामी झाली तरी किलोभराने खालीच ओढते. एकीवरून दुसरीवर गेलात की तीनेक किलोंचा फरक धरा. सुटीत इजिप्तला ड्रायसूट घेऊन जाणारे लोक नेमके इथेच अडकतात: घरचा आकडा स्टीलचा आणि बोटीवर टाक्या अॅल्युमिनियमच्या. त्यात तांबड्या समुद्राचं पाणी नेहमीच्या समुद्रापेक्षा खारट, त्यामुळे आणखी थोडं शिसं.

खाणीत बारा किलो बरोबर बसले. समुद्रात किती?

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. इथे एक चूक सर्रास होते: लोक शिशाच्या अडीच टक्के काढतात आणि तीनशे ग्रॅम वाढवून समुद्रात उडी मारतात. अडीच टक्के काढायचे ते पाण्यात उतरणाऱ्या सगळ्या ओझ्याचे.

एक उदाहरण घेऊ. माणूस ७८ किलो, भरलेली टाकी १७, रेग्युलेटर-विंग-टॉर्च वगैरे ८, सूट आणि अंडरसूट ७, शिसं १२. एकूण १२२. त्याचे अडीच टक्के म्हणजे तीन किलो. खाणीत बारा असतील तर प्लिमथच्या समुद्रात पंधरा. उलट, समुद्रातून खाणीत येताना तीन काढायला विसरलात तर मरणार नाही, पण दिवसभर गाळात लोळाल आणि मागून येणाऱ्यांना काही दिसू देणार नाही.

बाल्टिक समुद्र हा मधला प्रकार. स्टॉकहोम-हेलसिंकीकडे तो इतका निमखारा आहे की तिथे गोड्या पाण्याच्या आकड्यावर किलोभर वाढवलं तरी पुरतं.

म्हणजे शक्य तितकं कमी शिसं, हेच ध्येय ना?

वेटसूटमध्ये बऱ्याच अंशी हो. ड्रायसूटमध्ये नाही, आणि याबाबतीत मी अनेक प्रशिक्षकांपेक्षा थोडा उदार आहे. शेवटचा किलोही काढून टाकलेला माणूस सेफ्टी स्टॉपवर (वर येताना पाच मीटरवर घ्यायच्या थांब्यावर) तरंगू नये म्हणून सूटमधली हवा अगदी शेवटच्या बुडबुड्यापर्यंत पिळून काढतो. अंडरसूट चपटा होतो, ऊब जाते, आणि हे घडतं ते डाइव्हच्या शेवटी, जेव्हा बोटं आधीच बधिर झालेली असतात. पाच अंशांच्या पाण्यात थंडीने कुडकुडणारा माणूस चांगले निर्णय घेत नाही.

म्हणून चाचणीत निघालेल्या किमान आकड्यावर एक किलो ठेवावा. त्या एका किलोच्या बदल्यात पाच मीटरवर सूटमध्ये एक लिटर जादा हवा ठेवता येते, आणि ती लिटरभर हवा फार गोड लागते. दोन किलोही चालतील. चार नकोत.

चार जास्त घेतले तर काय बिघडतं? बुडायला सोपं तर जाईल.

बुडायला जाईल. वर येताना अडचण होते.

समजा तुम्ही चार किलो जास्त बांधलेत. २० मीटरवर तरंगण्यासाठी त्या चार किलोंपोटी चार लिटर जादा हवा लागली, आणि ती तुम्ही सूटमध्ये घातली. २० मीटरवर दाब ३ बार. १० मीटरवर २ बार होतो तेव्हा ती हवा सहा लिटर होते. पाच मीटरवर दीड बार, तेव्हा आठ. म्हणजे पंधरा मीटर चढताना चार लिटर हवा वेळेवर बाहेर काढली नाही तर तुम्ही चार किलोंनी हलके झालात आणि वर सुटलात. एकच किलो जास्त असता तर हाच फरक एका लिटरचा असता, जो एका श्वासाने सांभाळता येतो. अंडरसूटमधली हवा फुगते ती वेगळीच. शेवटच्या दहा मीटरांत हवा सर्वांत झपाट्याने फुगते, त्यामुळे सगळा गोंधळ तिथेच होतो, आणि फुफ्फुसांना इजा व्हायचा धोकाही तिथेच सर्वांत मोठा.

त्याशिवाय जादा हवा आडव्या शरीरात इकडून तिकडे पळते. डोकं खाली गेलं की ती पायांत जाते, आणि पायांत हवा सोडायचा व्हॉल्व्ह नसतो.

उलट बाजूचं एक उदाहरणही माहीत असावं. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत मोंटानातल्या एका डोंगरी सरोवरात ड्रायसूट घातलेल्या एका डायव्हरचा मृत्यू झाला. सूटला हवा देणारी नळीच जोडलेली नव्हती, आणि खिशांमध्ये जवळपास २० किलो शिसं होतं, तेही झटकन टाकता न येणारं. खाली जाताना सूटमधली हवा आकसते. भरपाईला नवी हवा आली नाही तर सूट अंगाला आवळतो आणि तुम्ही दर मीटरला आणखी जड होत जाता. म्हणून पाण्यात शिरण्यापूर्वी सूटची नळी जोडून, बटण दाबून, हवा आत येते हे कानाने ऐकायचं. बडीचंही ऐकायचं.

पाण्याखाली हवा सूटमध्ये घालू की विंगमध्ये?

यावर दोन पंथ आहेत आणि दोन्ही बाजूंनी लोक हमरीतुमरीवर येतात. एक पंथ म्हणतो, सूट तसाही भरावा लागतोच, मग त्यातच सगळं भागवा. वर येताना एकच व्हॉल्व्ह सांभाळायचा. दुसरा म्हणतो, सूटमध्ये फक्त आवळू नये इतकी हवा, बाकी तरंगण्याचं काम विंगचं.

शिसं बरोबर असेल तर हा वाद जवळजवळ संपतो, कारण एका टाकीवर विंगमध्ये घालायला फार काही उरतच नाही. पहिल्या काही डाइव्ह सूटवर करा, हात बसू द्या. मोठी टाकी किंवा दोन टाक्या आल्या की सुरुवातीचं जास्तीचं वजन विंगवर टाका. मी स्वतः दुसऱ्या पंथातला, पण कोर्समध्ये प्रशिक्षक जे सांगेल ते करा; मध्येच पद्धत बदलणं जास्त धोक्याचं.

उतरायलाच जमत नाही. शिसं वाढवू?

लगेच नको. आधी सूटला ढेकर देऊ द्या. काठावर झिप लावल्यावर उकिडवे बसा, गुडघे छातीशी, हातांनी स्वतःला घट्ट मिठी मारा आणि एका बोटाने मानेचं सील किंचित उघडा. फुस्स करून बरीचशी हवा निघून जाते. मग उभे राहायच्या आधी बोट काढा, नाहीतर सूट ती हवा परत आत ओढून घेतो.

पाण्यात कमरेपर्यंत उतरलात की पाणीच सूट पायांकडून दाबत आणतं आणि हवा खांद्याकडे सरकते. उभे राहा, दंडाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि तो हात वर ठेवा. सर्वांत उंच जागी व्हॉल्व्ह असेल तरच हवा बाहेर पडेल. मग श्वास पूर्ण सोडा आणि पुढचा श्वास जरा उशिरा घ्या. लोक नेमकं उलट करतात: डोकं पाण्याखाली जाताना मोठा श्वास भरतात. पहिले दोन मीटर खाली गेलात की हवा आकसायला लागते आणि पुढचं आपोआप होतं.

एवढं सगळं नीट करूनही उतरत नसाल तर मात्र एक किलो वाढवा.

पाय सारखे वर जातात. घोट्याला वजनं बांधू का?

बऱ्याचदा ही तक्रार मोठ्या बुटांची किंवा ढिल्या सूटची असते. नडगीभोवती हवा खेळायला जागा आहे म्हणून ती तिथे जाते. गेटर्स (नडगीभोवती आवळून बांधायचे पट्टे) लावून बघा, जड रबरी फिन वापरून बघा, आणि कमरेचं थोडं शिसं खाली सरकवा. घोट्याला अर्धा-अर्धा किलो बांधल्याने काहींना खरंच बरं वाटतं, पण प्रत्येक फिनकिकला ते ओझं हलवावं लागतं, दम लागतो, हवा जास्त लागते. माझं मत: नाइलाज असेल तरच. आणि बांधलंत तर ते एकूण आकड्यात मोजा; हे विसरणारे बरेच असतात.

पाय वर आणि डोकं खाली अशी अवस्था झालीच तर गुडघे पोटाशी घ्या, कोलांटी मारल्यासारखे वळा आणि उभे होताच दंडातून हवा सोडा. हे कोर्समध्ये शिकवतात. वर्षातून एकदा उथळ पाण्यात पुन्हा करावं.

बारा-चौदा किलो एकाच पट्ट्यावर? कंबर जाते हो.

जाते. त्यात घसरायचा धोका वेगळाच: खोलीवर सूट दबतो, पट्टा ढिला होतो आणि नितंबांवरून निसटायला बघतो. म्हणून वजन वाटून टाका. स्टीलची बॅकप्लेट (टाकी आणि विंग जिला जोडतात ती पाठीवरची पट्टी) दोन-तीन किलोंचं काम करते आणि ते वजन पाठीच्या मधोमध, जिथे ते हवं तिथेच बसतं. टाकीच्या पट्ट्यावर एक-दोन किलो लावता येतात. उरलेलं पट्ट्यावर, किंवा खांद्यावरून येणाऱ्या वेट हार्नेसवर, किंवा विंगच्या खिशांत.

वाटताना एक विचार मनात ठेवा: यातलं किती एका हाताने टाकता येईल? वर पोचल्यावर विंग फाटलेली असेल, लाटा असतील, बडी थकलेला असेल, तर पाच-सहा किलो टाकता येणं म्हणजे जीव वाचणं. पण सगळंच एका बकलवर टांगून ठेवलं आणि ते २५ मीटरवर चुकून सुटलं, तर तुम्ही थेट वर जाल. निम्म्याच्या आसपास टाकता येणारं, बाकी पक्कं, ही वाटणी मला पटते. कोणतं कुठे आहे हे बडीला काठावरच हात लावून दाखवा.

सूट फाटून पाणी आत शिरलं तर बुडेन का?

आत शिरलेलं पाणी पाण्यात तुम्हाला खाली ओढत नाही. पाण्यात पाण्याला वजन नाही. पण त्या पाण्याने जी हवा हाकलली तिचा आधार गेला, आणि शिसं तर त्या हवेसाठीच बांधलं होतं. जाड अंडरसूट असलेला मेम्ब्रेन सूट पूर्ण भरला तर सात-आठ किलोंचा आधार सहज जातो. डाइव्हच्या सुरुवातीलाच घडलं तर टाकीतल्या हवेचे दोन-तीन किलो आणखी. तेवढं सगळं विंगने उचलायला हवं. एका टाकीच्या विंगा साधारण १३ ते २० किलो उचलणाऱ्या असतात. मालवणच्या सवयीने घेतलेली छोटी, हलकी विंग इथे वापरणार असाल तर तिच्यावर छापलेला आकडा आधी वाचा.

खरी फजिती पृष्ठभागावर होते: शिडी चढताना सूटमधलं पाणी पाण्याबाहेर येतं आणि मग त्याला पुरेपूर वजन असतं. सावकाश चढा, पाणी पायांकडे साचू द्या, लाज न बाळगता मदत मागा.

निओप्रिनचा ड्रायसूट असेल तर?

साध्या निओप्रिनच्या (बारीक बुडबुडे असलेल्या फेसाळ रबराच्या) सूटला स्वतःचं तरंगणं असतं आणि ते खोलीप्रमाणे घटतं, त्यामुळे वर जास्त शिसं लागतं आणि खाली तुम्ही जास्त जड होता. आत पातळ अंडरसूट पुरतो, म्हणून एकूण आकडा कधीकधी मेम्ब्रेनइतकाच निघतो. क्रश्ड निओप्रिन आधीच दाबलेलं असल्याने ते मेम्ब्रेनसारखं वागतं. चाचणी तिन्हींना तीच.

डायरीत काय लिहून ठेवू?

नुसतं '१३ किलो' लिहिलंत तर सहा महिन्यांनी त्याचा काही उपयोग नाही. असं लिहा: 'मेम्ब्रेन सूट, जाड अंडरसूट आणि लोकरी बनियन, स्टील १२ लिटर, स्टीलची बॅकप्लेट, गोडं पाणी ५ अंश, पट्ट्यावर ८, टाकीवर २. शेवटी ५० बारला ५ मीटरवर ठीक, ३ मीटरवर किंचित हलका.' यातला एक शब्द बदलला की आकडा बदलेल, आणि कुठला शब्द बदलला हे तुम्हाला दिसेल. अंडरसूट जुना होऊन दबला की किलोभर उतरतो, नवा जाड घेतला की दोन-तीन चढतात. दिवाळीला घरी जाऊन आलात तरी एकदा तपासा.

सिल्फ्राला जायचंय. तिथे माझा आकडा चालेल?

आइसलँडमधल्या थिंगवेल्लिर राष्ट्रीय उद्यानातली ही भेग लांगयोकुल हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याने भरलेली आहे: पूर्ण गोडं पाणी, वर्षभर २ ते ४ अंश, शंभर मीटरपर्यंत दिसतं. नुसतं स्नॉर्केलिंग करणाऱ्यांना शिशाची काळजीच नको. त्यांना तरंगतंच ठेवतात. टाकी घेऊन उतरणाऱ्यांकडून ड्रायसूटचं प्रमाणपत्र किंवा अलीकडच्या ड्रायसूट डाइव्हची नोंद मागतात. सूट त्यांचा, अंडरसूट त्यांचा, त्यामुळे तुमचा आकडा जसाच्या तसा चालणार नाही. गाइडला तुमचं वजन, उंची आणि घरचा गोड्या पाण्यातला आकडा सांगा, तो अनुभवाने बेरीज-वजाबाकी करतो. पाणी इतकं नितळ असतं की खोलीचा अंदाज पार चुकतो आणि माणूस नकळत वर सरकतो. तिथे किलोभर जास्तच बरं.

स्कापा फ्लोला दोन टाक्या घेऊन जाणार आहे. शिसं किती कमी करू?

ऑर्क्नी बेटांमधल्या या खाडीत २१ जून १९१९ रोजी जर्मन आरमाराने स्वतःच्याच बोटी बुडवल्या. त्यातली सात मोठी जहाजं अजून तळाशी आहेत, ४५ मीटरपर्यंत, आणि म्हणून तिथे १२ लिटरच्या दोन स्टीलच्या टाक्या नेणारे पुष्कळ. एकीऐवजी दोन टाक्या, वर त्यांचे पट्टे आणि जोडनळी, यांनी चार-पाच किलो शिसं सहज सुटतं. काही जण पट्टाच काढून ठेवतात. पण हवेचा हिशेब विसरू नका. २३२ बारवरून ५० वर येताना या जोडीतून पाच किलोंहून जास्त हवा संपते, म्हणजे सुरुवातीला तुम्ही तेवढे जड आणि शेवटी तेवढे हलके. चाचणी स्कापाच्या बोटीवरून करायची नाही. आधी घरच्या खाणीत, त्याच टाक्या, तोच अंडरसूट, ५० बार, पाच मीटर. समुद्राचे तीन-साडेतीन किलो त्यावर वाढवा आणि मगच बॅग भरा.